हर्णैची बोट, एकतीस तुकड्यांत

बहारीनमधल्या निदान दोनशे घरांना गार ठेवणारा माणूस स्वतःच्या घरात मात्र घामाने निथळत बसायचा, आणि तेही राजीखुशीने. जयप्रकाश मोहोळकर एसीच्या देखभालीच्या कंपनीत इंजिनियर होता. रिफातला व्हिला असो की जनाबियातलं भिंतीआडच्या बंगल्यांचं कंपाउंड, कुठेही कॉम्प्रेसरने मान टाकली की याचा फोन वाजायचा. चोवीस वर्षं हेच चाललं होतं. पण संध्याकाळी गुदैबियातल्या आपल्या फ्लॅटवर येऊन, चहा पिऊन गिटार मांडीवर घेतली की हा गृहस्थ पहिलं काम काय करायचा, तर एसी बंद. कारण एसीची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. खिडकीही उघडायची नाही, कारण खाली किराणा दुकानापुढे गाडी लावण्यावरून जी हॉर्नची जुगलबंदी चालते ती त्याहून मोठ्याने येते.

"अहो, ऑगस्ट आहे," सुरेखा आतून ओरडायची.

"दोनच मिनिटं!"

"तुमच्या दोन मिनिटांत माझ्या डब्यातलं तूप पातळ होतं."

खरं सांगायचं तर दोन मिनिटंसुद्धा त्याला मिळत नसत. अर्ध्या मिनिटात कपाळावर घाम, पाऊण मिनिटात नाकाच्या शेंड्यावर, आणि तिथून थेंब टपकला की तो नेमका गिटारवर. मग रेकॉर्डिंग थांबवायचं, एसी लावायचा, टॉवेलने तोंड पुसायचं, आणि पुन्हा पुढचा तुकडा. असे तुकडे तो फोनवरच्या ॲपमध्ये एकमेकांना जोडायचा, आणि इतक्या सफाईने जोडायचा की सांधा कुणाला दिसू नये. पाइप जोडण्यात हयात गेलेला माणूस. त्याला हे काय अवघड?

गिटारही त्याच्याकडे अशीच आली होती. जनाबियातल्या एका कंपाउंडमध्ये तो एसी बघायला गेला, तर तिथलं कुटुंब देश सोडून निघालेलं. दारात वस्तूंचा ढीग, आणि ढिगावर ही पालथी पडलेली. "हवी असेल तर न्या," मालकीणबाई म्हणाल्या. जयप्रकाशने आयुष्यात ढोलकीसुद्धा वाजवली नव्हती. तरी त्याने ती उचलली, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याच्या डाव्या हाताच्या चार बोटांना फोड आले. कंपनीत सगळ्यांना वाटलं, साहेबांचा हात गरम पाइपाला लागला. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं आहे; हौसेचं मोल कातडीने भरावं लागतं. पण ज्या दिवशी पहिल्यांदा एक कॉर्ड स्वच्छ वाजली, त्या दिवशी हा माणूस घरभर नाचला होता. मुलगी स्पृहा तेव्हा बारा वर्षांची होती. तिने त्याचा व्हिडिओ काढून ठेवला आहे आणि अधूनमधून ती तो सगळ्यांना दाखवण्याची त्याला धमकी देते.

फोडांमुळेच त्याला तो ग्रुप सापडला. फोनवरच्या त्या ग्रुपचं नाव 'बोटं दुखतायत'. नाशिकपासून मेलबर्नपर्यंतचे चाळीसेक मराठी हौशी गिटारवाले. दर शनिवारी प्रत्येकाने काहीतरी वाजवून टाकायचं, बाकीच्यांनी वाहवा करायची, आणि कुणीही कुणाला खरं मत सांगायचं नाही, एवढाच नियम. अशा प्रेमळ जागी एक दिवस हर्णैचे जमालुद्दीन आले. बोटीवर तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. वाजवायचे माउथ ऑर्गन. गिटारच्या ग्रुपमध्ये कसे, असं कुणीतरी विचारलं, तर त्यांनी लिहिलं, "माउथ ऑर्गनवाल्यांचा ग्रुप शोधला, नाय मिलला. हितं बसू काय कोपऱ्यात?"

ते कोपऱ्यात बसले, आणि महिन्याभरात जयप्रकाशच्या शेजारी येऊन बसले. त्यांची वाजवायची पद्धत ठरून गेली. आधी जयप्रकाशने गिटार रेकॉर्ड करून पाठवायची. मग जमालभाईंनी हर्णैला पडवीत बसून, कानात ती गिटार ऐकत, वर माउथ ऑर्गन वाजवायचा. दोन्ही एकत्र केलं की गाणं तयार. अशी तीन वर्षांत बावीस गाणी झाली. गाण्यांच्या आगेमागे मग बाकीचं सगळं आलं. सकाळी साडेसहाला हर्णैच्या समुद्राचा फोटो, जमालभाईंच्या बायकोचे, बानूभाभींचे, गुडघे, स्पृहाची परीक्षा, सुरमई कुठे कितीला. जयप्रकाशचे वडील चिंचवडला हॉस्पिटलात होते तेव्हा अकरा दिवस रोज संध्याकाळी जमालभाईंचा फोन यायचा. ते फार काही बोलायचे नाहीत. "जेवलाव काय?" एवढंच विचारायचे. सख्ख्या भावाने तेवढं विचारलं नव्हतं.

आणि मग 'हर्णैची बोट' झाली. ही जमालभाईंची स्वतःची चाल, बोटीवर असताना सुचलेली. घरी निघालेल्या माणसाची लगबग आहे तिच्यात. जयप्रकाशने ती एकतीस तुकड्यांत वाजवली. त्यावर जमालभाईंनी तीन महिने घेतले. ती ग्रुपवर आली आणि लोक वेडे झाले. "मोहोळकर, काय सफाई! एका दमात कसं वाजवता हो?" असं बेळगावच्या एकाने लिहिलं. जयप्रकाशने उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र टाकलं. तो खोटं बोलला नाही. खरंही बोलला नाही.

नोव्हेंबरात जमालभाईंचा मेसेज आला. त्यांची मुलगी इक्रा लग्न होऊन रिफाला आली होती, तिला मुलगी झाली. ते आणि बानूभाभी व्हिजिट व्हिसावर पंधरा दिवस येत होते. "सव्वा म्हयना झाला की शुक्रवारी जेवण हाय. पंचवीस-तीस मानसा. इक्राला सांगितलाय, आमी दोगं 'हर्णैची बोट' वाजवनार. समोरासमोर! यकदम लाइव!"

जयप्रकाशने तो मेसेज वाचला तेव्हा तो रिफातल्याच एका गच्चीवर उभा होता. आनंदाने त्याने आधी शिट्टी मारली. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण साधं होतं. बावन्न वर्षांच्या या कलावंताने आजवर एकही गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता, वाजवलेलं नव्हतं.

*

गुरुवारी संध्याकाळी जमालभाई आणि बानूभाभी गुदैबियाला तालमीला आले. फोनवर माणसाची उंची कळत नाही. जयप्रकाशच्या डोक्यात जमालभाई सहा फुटांचे होते. दारात उभे राहिले ते त्याच्या खांद्याला लागणारे, पांढऱ्या दाढीचे, हसताना डोळे मिटणारे. दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहिले. मग जमालभाईंनी जी मिठी मारली ती जयप्रकाशच्या पोटाभोवती आली.

"वहिनी, ह्यो तुमचा नवरा फोनात लय बारीक दिसतो," ते सुरेखाला म्हणाले.

"फोटो गळ्यापर्यंतच काढतात ना," सुरेखा म्हणाली, आणि तिची-बानूभाभींची तिथेच गट्टी जमली. बानूभाभींनी आंबापोळी आणली होती, सुरेखाने थालीपीठं लावली होती. तासभर नुसतं खाणं आणि हसणं. स्पृहाला जमालभाईंनी विचारलं, "तू काय वाजवतेस गो?" तर ती म्हणाली, "नथिंग, अंकल. आय ओन्ली सफर."

मग वाजवायला बसले. डिसेंबर होता. एसी कधीचाच बंद होता, घामाचं नाव नव्हतं. म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नव्हती.

जयप्रकाशने सुरुवात केली. एरवी त्याच्या कानात फक्त मोबाइलमधली तालाची टिकटिक असायची. आज समोर जिवंत माणूस होता. तो माणूस गाण्यात कधी शिरतो ते ऐकायला तो किंचित रेंगाळला. जमालभाईंना तीन वर्षांची सवय गिटारच्या मागून चालायची. गिटार रेंगाळली म्हणून तेही रेंगाळले. ते रेंगाळले म्हणून जयप्रकाश आणखी हळू झाला. दोन सभ्य माणसं दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभी राहावीत तसं चाललं. घरी निघालेली बोट हळू झाली, आणखी हळू झाली, आणि शेवटी भर समुद्रात थांबली.

"बाबा, इट्स डाइंग," स्पृहा म्हणाली.

सगळे हसले. पुन्हा सुरू केलं. या वेळी वेग थोडा धरला, आणि पहिला अंतरा बरा गेला. दुसऱ्यात जयप्रकाशचं बोट घसरलं. त्याचा उजवा हात आपोआप थांबला आणि समोर फोन नसतानाही टेबलाकडे गेला.

"काय झाला?" जमालभाईंनी विचारलं.

"चुकलं."

"मंग?"

"मग पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच चुकलं, पुन्हा हात थांबला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, सातव्यांदा. जमालभाई दर वेळी ओठाला माउथ ऑर्गन लावून पुढे गेलेले असत आणि गिटार मागे बंद पडलेली असे. आठव्यांदा त्यांनी माउथ ऑर्गन खाली ठेवला. "जेपी, तब्येत बरी नाय काय? तिकडं तर तुमी लोन्यागत वाजवता."

चोराच्या मनात चांदणं. जयप्रकाशला वाटलं, आता नाही सांगितलं तर उद्या तीस माणसांपुढे आपोआप कळेल. त्याने सांगून टाकलं. एकतीस तुकडे, घाम, ॲप, सगळं. सांगताना तो हसत होता, समोरचाही हसेल अशा आशेने.

जमालभाई हसले नाहीत. बानूभाभींनी नवऱ्याकडे बघितलं आणि त्यांचंही हसू मावळलं.

"मना तुकडं जोडता येत नाय," जमालभाई हळू म्हणाले. "ह्या बोटीला तीन म्हयने का लागला ठावं हाय? मी सगला यका दमात वाजवायचा. जरा चुकलो की पुसून परत पयल्यापासून. का, तर तिकडं जेपीनं बिनचूक वाजवलाय, माजी चूक त्याच्यात कशी चालेल?"

"पडवीत बसून रोज दोन-दोन तास," बानूभाभी म्हणाल्या. "ओठ सुजलं व्हतं. मी बोलली, पुरे करा. तर बोलतात, तो मानूस बग, कसा वाजवतो."

जयप्रकाशला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. त्याने कुणाला फसवायचं म्हणून फसवलं नव्हतं. आपल्याला जरा बरं म्हणावं एवढीच त्याची लालसा होती. पण त्या लालसेपायी हर्णैला एका माणसाचे ओठ सुजले होते.

"चूक झाली, जमालभाई," तो म्हणाला.

"बगू उद्या," ते म्हणाले. "इंशाल्ला." आणि जावई अर्सलान गाडी घेऊन खाली आला तेव्हा ते उठले. जाताना मिठी मारली, पण ती घाईची होती.

*

शुक्रवारी सकाळी जयप्रकाशने चहाचा कप तसाच ठेवून फोनवर मेसेज लिहायला घेतला. जनाबियात एका व्हिलाचा कॉम्प्रेसर अचानक बसला आहे, घरात आजारी माणूस आहे, मला जावंच लागतंय, माफ करा, बाळाला आशीर्वाद. फार छान जमला होता मेसेज. आजारी माणूस तर अगदी खरा वाटत होता.

सुरेखाने मागून तो वाचला. "डिसेंबरात कुणाला एसी लागतो हो?"

त्याचं ते लक्षातच आलं नव्हतं. चोवीस वर्षं ज्या धंद्यात काढली त्यातलीच थाप त्याला धड मारता येईना.

"मी जाऊन काय करू?" तो म्हणाला. "तीस माणसांत माझी फजिती झाली तर झाली, पण त्यांचीही होईल. त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आणि आता त्यांना माझ्याबरोबर वाजवायची इच्छा तरी असेल का?"

"ते त्यांना ठरवू दे. तुम्ही न जाता परस्पर कसं ठरवता?"

"अगं, मी चुकणार. शंभर टक्के चुकणार."

"चोवीस वर्षं माझ्यासमोर चुकताय," सुरेखा म्हणाली, "मी गेले का सोडून? चला, उठा, इस्त्रीचा शर्ट काढलाय. आणि माझं ऐका, त्यांनी तुमच्यासाठी ओठ सुजवले, तुम्ही त्यांच्यासाठी तोंड तरी दाखवा."

त्याने मेसेज पुसला. गिटारला धड पिशवीही नव्हती, कारण ती कधी घराबाहेर गेलीच नव्हती. सुरेखाने ती जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळली आणि तिघंही रिफाला निघाली. रस्ताभर जयप्रकाश गाडीच्या स्टीअरिंगवर दुसरा अंतरा बडवत होता. स्पृहा शेवटी म्हणाली, "बाबा, आइज ऑन द रोड, प्लीज."

इक्राच्या घरी चपलांचा ढीग दारापर्यंत आला होता. जमालभाई पांढऱ्याशुभ्र कुडत्यात दारातच उभे होते. "या, या, साहेब. या वहिनी," ते म्हणाले. आजवर ते त्याला जेपी म्हणत आले होते. तो 'साहेब' जयप्रकाशला असा लागला की बाळाच्या हातात ठेवायचं पाकीटसुद्धा तो खिशातच विसरला. सुरेखाने कोपराने ढोसल्यावर काढलं.

जेवण उत्तम होतं. बिर्याणी, वर शिरखुर्मा. रत्नागिरीची, रायगडची माणसं, अर्सलानच्या कंपनीतले दोन मल्याळी, शेजारची एक बहारीनी बाई जी प्रत्येकीला पकडून बाळाचे डोळे कुणावर गेले ते सांगत होती. जयप्रकाश नुसता भात चिवडत होता. सुरेखाने त्याच्या ताटातलं मटण शांतपणे आपल्या ताटात घेतलं.

मग इक्रा उभी राहिली, कडेवर झोपलेलं बाळ. "आता माझे बाबा आणि त्यांचे दोस्त जयप्रकाश अंकल वाजवणार. हे दोघं तीन वर्षं एकत्र वाजवतात, आणि कालपर्यंत भेटलेही नव्हते!" टाळ्या झाल्या. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या गेल्या. जयप्रकाशने चादर सोडली.

तो पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, "जमालभाई, मी चुकणार."

जमालभाईंनी त्याच्याकडे क्षणभर नीट बघितलं. काल संध्याकाळपासून प्रथमच त्यांचे डोळे हसून मिटायला आले.

"चुका," ते म्हणाले. "बिनधास चुका. पन थांबू नका. तुमी थांबलाव तर मी मेलो. आज डिलीट मफी."

"डिलीट मफी, पुसणं नाही," जयप्रकाश म्हणाला, आणि त्याने सुरुवात केली.

दोन ओळी गेल्या आणि कालचंच झालं. त्याने जमालभाईंसाठी रेंगाळायला घेतलं, ते त्याच्यासाठी. बोट मंदावू लागली. तेवढ्यात बायकांच्या बाजूने टाळी आली. सुरेखा. भिंतीपलीकडून हीच चाल एकतीस तुकड्यांत शंभर वेळा ऐकून तिला ती त्या दोघांपेक्षा पाठ झाली होती. ती कुणाकडे न बघता, मांडीवरचं ताट बाजूला सारून, ठणठणीत टाळी देत होती, पोळ्या लाटताना देते तसा ठेका धरून. बानूभाभींनी उचलली. मग शेजारच्या बहारीनी बाईने, आणि तिची टाळी दुप्पट लयीची, मधल्या जागा भरणारी. आता रेंगाळायला जागाच राहिली नाही. जयप्रकाशला मागून कुणीतरी हात देऊन चालतं केल्यासारखं वाटलं. पहिला अंतरा पार पडला.

दुसऱ्या अंतऱ्यात, नेमक्या त्याच ठिकाणी, तो चुकला.

साधीसुधी चूक नव्हती ती. अख्खा हात गिटारच्या पट्टीवर एक घर पुढे पडला, आणि जी कॉर्ड खाली उतरून घराकडे जायची ती भलतीकडेच वर चढली. उजवा हात थांबू पाहत होता. पण समोर माउथ ऑर्गन थांबला नव्हता. जमालभाईंच्या भुवया वर गेल्या, एवढंच. त्यांनी सूर वळवला आणि ते त्याच्या मागोमाग त्या चुकीच्या जागी गेले. बाकी कुणी असतं तर आपला बरोबर रस्ता धरून पुढे गेलं असतं आणि याला एकट्याला तिथे उघडा पाडलं असतं. हे नाही गेले. त्या अनोळखी ठिकाणी त्यांनी एक लांब सूर धरला, इकडेतिकडे बघितल्यासारखा तो हलवला, आणि मग, चल आता, म्हणावं तसे सावकाश, पायरी पायरीने, त्याला घेऊन मूळ चालीवर परत आले.

कुणीतरी "वा!" म्हणालं. जयप्रकाशला वाजवता वाजवता हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही पुसायला हात मोकळे नव्हते. चार वर्षांत चूक झाली की तो एकटा असायचा. तो, फोन आणि पुसायचं बटण. चुकीत सोबत मिळते हे त्याला ठाऊकच नव्हतं. पुढे तो आणखी तीनदा चुकला असेल. एकदा जमालभाईही चुकले, तेव्हा हा त्यांच्यामागे गेला. शेवटच्या ओळीत तर दोघंही कुठे आहेत हे दोघांनाही माहीत नव्हतं, पण एकत्र होते, आणि टाळ्या त्यांना ओढत धक्क्याला घेऊन आल्या.

गाणं संपलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. बाळ या सगळ्यात ढाराढूर झोपलं होतं.

"जेपी!" जमालभाई ओरडले आणि उठून त्यांनी त्याला पोटाभोवती गच्च आवळलं. मध्ये गिटार होती, ती खण्णकन वाजली.

*

स्पृहाने सगळं फोनवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते 'बोटं दुखतायत'वर गेलं. सुरेखाची टाळी, भांड्यांचे आवाज, कुणाचातरी खोकला, सगळ्यासकट. बेळगावच्या त्याच माणसाने लिहिलं, "आधीची बोट चांगली होती. ही बोट तरंगते आहे. आणि मोहोळकर, दुसऱ्या अंतऱ्यात तुम्ही जी जागा घेतलीत ती कुठून आणली? शिकवा आम्हाला." त्याखाली अकरा जणांनी 'मलाही' म्हणून लिहिलं.

या वेळी जयप्रकाशने हात जोडल्याचं चित्र टाकलं नाही. "ती चूक होती," त्याने लिहिलं. "आणि आधीची बोट मी एकतीस तुकड्यांत जोडली होती. हे तेव्हाच सांगायला हवं होतं." मग नाशिकहून एकाने लिहिलं, "माझं मागच्या शनिवारचं अठरा तुकड्यांत." मेलबर्नहून, "बावीस." मग नुसती रांग लागली. चाळीस माणसांच्या ग्रुपात सलग वाजवणारा एकच निघाला, आणि तो माउथ ऑर्गनवाला.

शनिवारी सुट्टी. चहा झाल्यावर जयप्रकाशने ग्रुपसाठी ती जागा शोधायला गिटार मांडीवर घेतली. हात एक घर पुढे टाकला. वाजलं ते नुसतं चुकीचं. थोडं उशिरा टाकून बघितलं, थोडं लवकर टाकून बघितलं. खडा लागल्यासारखं वाजलं. कालचा व्हिडिओ लावून पंधरा वेळा ऐकला. बोटं तिथेच होती, काहीही वेगळं नव्हतं, पण ते काही केल्या होईना. दीड तास झाला. शेवटी त्याने फोन लावला.

"जमालभाई, कालची ती चूक मला येत नाहीये."

पलीकडे माउथ ऑर्गन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला.

"मनाबी नाय येत," जमालभाई म्हणाले. "सकालपासून बसलोय. इक्रा बोलते, बाबा, आता पुरे."

"मग काय करायचं?"

"करायचा काय? अजून आठ दिवस हाय मी. यल्ला, या हिकडं."

जयप्रकाशने चादर शोधली, गिटार गुंडाळली आणि पायात चपला सरकवल्या. सुरेखा स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पिठाचे.

"कुठे निघालात? पोळ्या टाकतेय मी."

"रिफाला," तो म्हणाला. "चूक करायला. ती एकट्याने होत नाही."

सुरेखाने त्याच्याकडे बघितलं. मग गॅस बंद केला आणि हात धुवायला गेली. "थांबा दोन मिनिटं," ती म्हणाली. "टाळी कोण देणार तुम्हाला?"